तेवीस गोठे

सकाळचे चार. टँकरचं इंजिन खोकतं
आणि कुणीतरी माझ्या कानात देवाविषयी बोलू लागतं.
उरले सहा तास बारा मिनिटं,
उरले तेवीस गोठे.

डिम्फ्ना, वाचनालयाच्या टेबलामागून तू
दर शुक्रवारी विचारतेस, "कसं वाटलं, मॅलकी?"
आणि मी "बरं होतं" म्हणून सटकतो.
मागे रांग असते.
शाळेत अक्षरं माझ्यापुढून माश्यांसारखी उडून गेली,
एकसष्टाव्या वर्षी कानातून परत आली,
त्याबद्दल रांगेत उभं राहून काय बोलणार?
तर आता ऐक.

श्रद्धेवरची पुस्तकं फार गोड आवाजात वाचतात,
जणू मला काहीतरी झालंय
आणि ते मला सांगायचं नाहीये.
एक मात्र त्या म्हाताऱ्या पाद्र्याने स्वतःच वाचलं.
मध्येच खोकला, पाणी प्यायला, "माफ करा" म्हणाला,
कुणी ते कापलं नाही.
बाकीचं पुस्तक विसरलो. त्या घोटावर माझा विश्वास बसला.

मंत्र्यांच्या आठवणी मी दीडपट वेगाने ऐकतो.
तरी कळतं, "खेद" या शब्दाआधी
ते श्वास घेतात, सूर मारणारा घेतो तसा.
एकाच्या चौदा तासांत सगळं आपोआपच घडलं:
निर्णय घेतले गेले, फायली हलवल्या गेल्या,
माणसं गेली.
व्याकरणात मी नापास, पण एवढं समजतं,
कर्ता मागच्या दाराने पळालाय.

आणि ते सेनापती! उंटावरून शेळ्या हाकतात
आणि वर म्हणतात, "सोबतचा नकाशा पाहा."
कुठे पाहू? समोर वायपर आहे.
त्यांच्या नकाशात आमचा रस्ता "दुय्यम",
लष्कराने तो अर्ध्या वाक्यात उडवला.
त्या अर्ध्या वाक्याच्या पलीकडे माझी आत्या राहायची.
अकरा मैलांचा वळसा, सायकलवर, अंडी सांभाळत.
आता रस्ता उघडा आहे. सीमा फक्त फोनला कळते,
मैलांचे किलोमीटर होतात,
आवाज क्षणभर तुटतो
आणि तेच वाक्य दुसऱ्या देशात पूर्ण करतो.

पण मला सांगायचंय ते शेवटच्या पुस्तकाचं,
आमच्या इथल्याच वर्षांवरचं.
वाचणारा कुठला कोण जाणे, आवाज लोण्यासारखा.
आमच्या गावाचं नाव त्याने असं काही घेतलं
की मी काचेतून बाहेर पाहिलं, कुठे आलोय म्हणून.
मग म्हणाला, त्या महिन्यात फर्मॅनात चार मृत्यू.
एका फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंत चारही संपले.
त्यातला युजीन मॅकगर्क शाळेच्या बसमध्ये
माझ्या शेजारी बसायचा, बाहीला नाक पुसायचा.
तीस सेकंद मागे गेलो. परत तीस.
बाही कुठेच नव्हती.

मंगळवारी वेस्ली आर्मिटेजच्या गोठ्यात नळी जोडत होतो.
सव्वीस वर्षं त्याचं दूध नेतो.
तो त्याच्या चर्चला, मी माझ्या.
बोलतो ते पावसावर, फार तर गाईंच्या खुरांवर.
धारयंत्राच्या धकधकीतून, खुंटीला टांगलेल्या फोनमधून
तोच लोण्याचा आवाज.
गाई रवंथ करत ऐकत होत्या.

"गावाचं नाव चुकीचं घेतो," वेस्ली म्हणाला.
"घेतो खरं."
"नववं प्रकरण चालू आहे."

माझं बारावं झालं होतं.
अकराव्यात त्याचा भाऊ आहे,
पूर्ण नावानिशी, ट्रॅक्टरवर,
साडेतीन मिनिटं.

मी मीटर पाहिला. अकराशे चाळीस लिटर, चार अंश.
सही केली.
"अकरावं गोठ्यात नको ऐकूस," एवढंच म्हणालो.
त्याने गाईच्या पाठीवरचा हात काढला नाही.

डिम्फ्ना, ही पुस्तकं एकवीस दिवसांनी
फोनमधून आपोआप नाहीशी होतात ना?
माझं जाऊ दे.
त्याचं थांबव.